अवलियाची पाठवणी

तय्यब अवलिया झाला, ही बातमी घरात सगळ्यांत शेवटी तय्यबला कळली. त्याच्याआधी ती कॉन्स्टंटाईन शहरातल्या अख्ख्या तांबट आळीला कळली होती, मशिदीच्या पायऱ्यांवर ऊन खात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना कळली होती, आणि त्याचा थोरला भाऊ बूजमा याच्या कापडदुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तर ती कापड मोजता मोजता सांगितली जात होती. रमजान कधीच संपला तरी धाकटा रोजे ठेवतोच आहे. पहाटेच्या अजानीआधी उठून बसलेला असतो. पत्ते नाहीत, कॅफे नाही, थट्टामस्करी नाही. हे सांगताना बूजमाचा आवाज असा काही खाली उतरायचा, की गिऱ्हाईक भाव करायला लाजायचं. घरात एक पुण्यवान माणूस असावा, तो आपणच असलं पाहिजे असं नाही, उलट नसलेलंच सोयीचं, असं बूजमाचं मत होतं.

शिवाय हे रक्तातलंच होतं. त्यांचे वडील, बाबा स्लीमान, शेवटच्या वर्षी असेच झाले होते. अन्न तुटलं, बोलणं तुटलं, तांब्यावर नक्षी कोरायची हत्यारं त्यांनी वाटून टाकली, ओळखीच्या प्रत्येक दारी जाऊन माफी मागितली, आणि एका पहाटे नमाजाला म्हणून निघाले ते पुलाखालच्या दरीत सापडले. कठडा जुना होता, दव पडलं होतं, पाय घसरला, असं घरात ठरलं. स्लीमानला आपलं मरण आधी कळलं होतं आणि तसं फक्त देवाच्या माणसांनाच कळतं, असं आळीत ठरलं. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले होते आणि इतक्या वर्षांत कुणी उपसूचना मांडली नव्हती.

तर अशा या तय्यबला बूजमा उमऱ्यासाठी, म्हणजे छोट्या यात्रेसाठी, मक्केला पाठवत होता, आणि गुरुवारी दुपारी त्याची पाठवणी होती.

झहूर सकाळीच येऊन दाखल झाली. बूजमाच्या पाठची आणि तय्यबच्या आधीची ही बहीण. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या जिभेला घरात सगळे भीत, म्हणून समारंभ असला की तिला स्वयंपाकघरात काम देण्यात येई. आजही तिच्यासमोर पातळ भाकऱ्यांची चवड ठेवून त्यांचे बारीक तुकडे करायला सांगितलं होतं. तय्यबची बायको रहीमा चुलीवरच्या रश्शात मटण ढवळत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. दळणकांडण, पाहुणे, धावपळ, असं तिचं तिनेच कारण सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

झहूरने तुकडे करायला घेतले आणि नेहमी बोलते तसं काही बोलली नाही म्हणून रहीमाने दोनदा वळून पाहिलं.

झहूरच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती तिथे आठवडाभर बसून होती. तिला झोप येईना म्हणून ती नव्या वसाहतीतल्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. घरी सांगितलं, दाताला गेले होते. बाई तरुण होत्या, पण प्रश्न म्हातारीसारखे सावकाश विचारत होत्या. पहाटे फार लवकर जाग येते का, आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं का? जेवण मातीसारखं लागतं का? जे करायला आवडायचं ते आपोआप सुटलं का? साधी गोष्ट ठरवतानाही डोकं चालेनासं होतं का? काही केलेलं नसताना आपण गुन्हेगार आहोत, घरच्यांना ओझं आहोत, असं वाटतं का? आणि हे सगळं एखादा दिवस नाही, आठवड्यांमागून आठवडे?

"नाही, मी नाही," झहूर प्रत्येक वेळी म्हणत गेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग कोण?" त्यांनी विचारलं.

झहूर म्हणाली, कुणी नाही. बाईंनी तिला दुपारनंतरची कॉफी बंद करायला सांगितली, आणि ती दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाल्या की हा आजार दरवेळी रडत येत नाही. कुणाच्या घरी तो आळस म्हणून येतो, कुणाच्या घरी संताप म्हणून, कुणाच्या घरी नुसती पाठदुखी म्हणून. औषधाने, बोलण्याने तो आटोक्यात येतो, पण आधी कुणीतरी त्याला ओळखावं लागतं. त्या कुणी नसलेल्या माणसाला घेऊन या.

जिन्यात झहूर बराच वेळ उभी राहिली. तिच्या घरी तो माळ घेऊन आला होता, पांढरे कपडे घालून. आणि घरच्यांनी त्याला पाटावर बसवून त्याची आरती चालवली होती.

तरी ती आठवडाभर बोलली नाही. कारण हिशेब सोपा होता, गणिताच्या बाईला तर फारच सोपा. तय्यब आजारी असेल, तर बाबाही आजारीच होते. आणि त्यांची आई, यम्मा, आतल्या खोलीत खिडकीशी बसून गेली तीस-एक वर्षं अवलियाची विधवा म्हणून जगत होती. आळीतल्या बायका तिच्याकडून तापल्या पोरांच्या कपाळाला हात लावून घ्यायच्या. तो हात काढून घ्यायचा म्हणजे म्हातारीजवळ काय उरणार होतं?

"नशीब काढलंत तुम्ही, रहीमा," शेजारची कुणी दारातून डोकावून म्हणून गेली. "आमच्याकडचा सकाळी उठत नाही, तुमचा झोपत नाही."

रहीमाने ओढणीच्या टोकाने कपाळ पुसलं आणि हसली. ते हसू चुलीवर ठेवलेल्या झाकणासारखं होतं.

मग तय्यब आला. माफी मागायला.

उमऱ्याला निघणारा माणूस घरोघरी जातो, काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या म्हणतो. समोरचा म्हणतो, माफ केलं, देव तुम्हाला-आम्हाला माफ करो, तिथे गेल्यावर आमच्यासाठी दुआ करा. पाठोपाठ खजूर किती आणायचे आणि झमझम विहिरीचं पवित्र पाणी कुठल्या डब्यात आणायचं तेही सांगतो. तय्यब आठवडाभर आळीतून फिरून हे सगळं करून आला होता. आता घरचे राहिले होते. पांढऱ्या झग्यात तो असा दिसत होता की झगा आधी आला आणि तय्यब त्यात नंतर कधीतरी पोचणार आहे. उजव्या हातात माळ होती आणि डाव्या हातात पिंजरा.

पिंजऱ्यातल्या गोल्डफिंचचं नाव वकील. हा पक्षी तय्यबनेच वाढवलेला. जुन्या कॅसेटी लावून लावून त्याला गाणं शिकवलं होतं आणि कुणी खोलीत मोठ्याने बोललं की तो मध्येच हरकत घ्यायचा, म्हणून वकील. एकेकाळी तय्यब आळीत हातोडी मारायचा ती वकिलाच्या तालावर, आणि मधेच थांबून गिऱ्हाइकाला सांगायचा, थांबा जरा, साक्ष चालू आहे.

"लल्ला, मला माफ कर," तो थोरल्या बहिणीला म्हणाला.

यावर काय म्हणायचं ते सगळ्यांना पाठ असतं. झहूरने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"कशाबद्दल?"

हा प्रश्न आळीत कुणी विचारला नव्हता. तय्यब गोंधळला. उत्तर शोधायला तो फार खोल गेला आणि वर यायला त्याला वेळ लागला.

"तुम्हा सगळ्यांना माझा त्रास झाला."

"कधी?"

"आहेच की," तो म्हणाला. मग त्याने पिंजरा ओट्यावर ठेवला. "हा तुला. हल्ली गात नाही तो. की मलाच ऐकू येत नाही, कोण जाणे."

वकील त्या घडीला गळ्याच्या शिरा ताणून गात होता. इतक्या जोरात, की रहीमाने ढवळणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

झहूरने विचारलं, परत आलास की घेऊन जाशील ना?

"तिथली माती चांगली असते म्हणतात," तय्यब म्हणाला.

असं म्हातारे यात्रेकरू नेहमीच म्हणतात. तिथेच मरण आलं तर सोनं झालं म्हणतात, आणि ऐकणारे आमीन म्हणतात. रहीमाच्या तोंडूनही सवयीने अर्धं आमीन निघालं. उरलेलं अर्धं कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही. झहूर भावाच्या उजव्या हाताकडे बघत होती. माळेचा एक मणी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलेला होता. तय्यब आला तेव्हा तोच होता. आताही तोच होता. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा तासभर समोर बसूनही तिला तो सरकलेला दिसला नव्हता. सगळं घर ती माळ बघत होतं. मणी कुणी बघितला नव्हता.

जेवायला घरचेच होते. मोठ्या परातीभोवती बूजमा, तय्यब, रहीमा, झहूर, आणि उशांना टेकून बसवलेली यम्मा. खाली गल्लीत शेजारपाजार जमत होता, गाडी सांगितलेली होती. बूजमा खुशीत होता. मक्केत कुठकुठल्या गोष्टींसाठी दुआ करायची ते तो धाकट्याला समजावत होता: त्याच्या मुलाचा व्हिसा, त्याच्या गुडघ्याचा संधिवात, आणि समोरच्या कापडवाल्याच्या धंद्याबद्दलही एक मागणी होती, ती मात्र देवाला योग्य वाटलं तरच. तय्यब प्रत्येकाला हो म्हणत होता. त्याचा चमचा परातीच्या कडेला होता आणि तिथेच राहिला.

"बघा," बूजमा म्हणाला, "आजही रोजा. प्रवासात सूट असते, पण हा घेईल तर ना."

"तय्यब कुठेही जाणार नाही," झहूर म्हणाली.

बूजमाला वाटलं विमान उशिरा आहे. झहूरने सांगितलं, विमान वेळेवर आहे. तय्यब आजारी आहे. ती जे विचारून आणि ऐकून आली होती ते तिने साध्या शब्दांत सांगितलं. दाताला गेले नव्हते, तेही सांगितलं. याला नैराश्य म्हणतात, हा ताप-खोकल्यासारखा आजार आहे, त्यावर डॉक्टर असतात, तय्यबला एकट्याला विमानात बसवणं म्हणजे काय ते तिला बोलायचंही नाही.

बूजमाने घास गिळून घेतला, मग रागावला. त्याच्या रागाला नेहमीच असा क्रम असे.

"माझ्या भावाला तू वेडा म्हणतेस? खाली गल्ली उभी आहे आणि वर तू त्याला वेडा म्हणतेस?"

"वेडा मी म्हटलं नाही. तुझा गुडघा दुखतो म्हणून तुला कुणी लंगडा म्हणतं का? म्हणतात तसे, पण मी म्हणत नाही."

"तो रोजे ठेवतो, रात्रभर नमाज पढतो. देवाचं नाव घेतो. हा आजार असेल तर सगळ्यांना होवो."

"रहीमाला विचार," झहूर म्हणाली.

बूजमा रहीमाकडे वळला, साक्षीदार आपलाच आहे अशा खात्रीने. रहीमा आजवर त्याच्याच बाजूची होती. दिराचा मान, नवऱ्याचं पुण्य आणि शेजारणींची असूया या तिन्हींवर तिचे हे महिने निघाले होते. तिने परातीतल्या तय्यबच्या चमच्याकडे पाहिलं.

"सी बूजमा, तो नमाज पढत नाही," ती थोरल्या दिराला मानाचा 'सी' लावून हळू म्हणाली. "पलंगाच्या कडेला बसून असतो. अंधारात. मला जाग आली असं कळलं, की उठून चटई अंथरतो."

तय्यबने ते नाकारलं नाही. चोरी सापडलेल्या मुलासारखा तो मान खाली घालून बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडी सुटकाही होती.

बूजमाजवळ आता एकच पत्ता उरला होता. तो त्याने आईसमोर टाकला, कारण त्याला वाटलं, तिथे त्याला कुणी हात लावणार नाही.

"मग बाबाही आजारीच होते म्हण. म्हण ना यम्मासमोर."

आठवडाभर झहूर नेमकी इथवर येऊन थांबत होती. यम्माला ऐकू कमी येई, पण कधी कमी येतं ते तिचं ती ठरवी. तिने हातातला भाकरीचा तुकडा नीट पुसून परातीच्या कडेला ठेवला.

"तुझ्या बापाने एक रोजा ठेवला नव्हता," यम्मा म्हणाली. "त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी दुधाची वाटी घेऊन त्याच्या मागे मागे फिरायची. बाहेर बायका म्हणाल्या, रोजा असेल. मीही म्हटलं, हो, रोजा आहे. रोजा म्हटलं की लोक आवाज खाली करतात. दुसरं काही म्हटलं असतं, तर तुला मुलगी कुणी दिली असती?"

बूजमाने आपल्याला मिळालेल्या मुलीचा, म्हणजे तीन मुलांच्या आईचा, क्षणभर विचार केला असावा.

"यम्मा, तुला माहीत होतं?" झहूरने विचारलं.

"बायकोला माहीत नसतं होय? नाव माहीत नव्हतं. त्या पहाटे तो निघाला तेव्हा मी जागी होते. चप्पल न घालता गेला. मशिदीत जाणारा माणूस चप्पल घालून जातो, दारात काढतो." ती थोडी थांबली. "मी म्हटलं, आज विसरला असेल."

खालून कुणीतरी हाक मारली, गाडी आली आहे. झहूर उठून तय्यबच्या शेजारी येऊन बसली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीजवळ बसायची तशी, खांद्याला खांदा लागेल इतकी. डॉक्टरीणबाईंनी निघताना तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती, की मरणाबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. असला तर तो आधीच तिथे असतो, विचारल्याने फक्त त्याला एकट्याला राहावं लागत नाही.

"तय्यब, मरायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

रहीमाने ओढणी तोंडावर धरली. तय्यबने मणी सोडला. माळ त्याच्या मांडीवर पडली.

"येतो असं नाही, लल्ला," तो म्हणाला. "तोच असतो. बाकीचे येत नाहीत." आणि मग, समजूत घालावी तसा, "तिथे गेलो असतो तर तुम्हाला लाज वाटली नसती. मी ते सगळं नीट ठरवून ठेवलं होतं."

बूजमाच्या घशातून एक आवाज आला. कापड फाडल्यावर येतो तसा.

यम्माने हात पुढे केला. आळीतल्या पोरांच्या कपाळांना लावायचा तोच हात. तिला तिथवर पोचता येईना म्हणून तय्यब गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेला. तिने हात त्याच्या कपाळाला लावला नाही. त्याच्या दोन्ही हातांत आपला हात दिला.

"तू सगळ्यांकडे माफी मागून आलास. आता मी मागते," ती म्हणाली. "मला माफ कर. मी पुन्हा रोजाच म्हणत होते."

तय्यब रडला नाही. त्याला ते जमेनासं होऊन किती दिवस झाले होते, ते फक्त त्यालाच ठाऊक. त्याने कपाळ तिच्या मनगटावर टेकलं आणि म्हणाला, "मी फार थकलोय, यम्मा."

झहूरने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आत्ताच आणा, मी थांबते, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका. झहूर म्हणाली, नाही सोडणार. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, की बाईंनी "कोण" असं विचारलं नव्हतं.

प्रश्न गल्लीचा होता. गल्ली सजून उभी होती. बूजमा उठला, झगा झटकला, आरशात बघून टोपी सरळ केली आणि जिना उतरायला लागला. झहूरला वाटलं, हा खाली जाऊन काहीतरी गोड बनवून सांगेल. तेवढं करण्यात तो पटाईत होता. पण तो काहीच बोलला नाही. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं, एका बाजूला रहीमा, मध्ये तय्यब, दुसऱ्या बाजूला झहूर असं बसवलं, आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. शेजारणींनी जिभा हलवून आनंदाची किलकारी घातली. तीन मजल्यांवरून ती खाली गाडीवर कोसळली. कुणीतरी ओरडून खजुरांची आठवण केली. तय्यबने, सवयीने, हो म्हटलं.

वर खिडकीत यम्माला शेजारच्या दोघींनी धरून उभं केलं होतं. जाणारा परत यावा म्हणून त्याच्या मागे पाणी टाकतात. ते पेलाभर टाकायचं असतं. यम्माने मोरीतली अख्खी बादली उचलायला लावली आणि दोन्ही हातांनी उपडी केली. खाली शेजारी भिजले, आणि अवलियाच्या विधवेच्या हातचं पाणी म्हणून त्यांनी ते तोंडाला लावलं.

गाडी सुरू झाली. बूजमा काचेतून हात बाहेर काढून लोकांना निरोप देत होता, कारण कुणीतरी द्यायला हवा होता. गल्ली संपली, वळण आलं, रस्त्यात ओळखीचं कुणी उरलं नाही, तरी त्याचा हात हलतच होता. ड्रायव्हरने आरशातून पांढऱ्या झग्याकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, विमानतळच ना, हाजी?

बूजमाने हात आत घेतला. काच वर केली.

"नाही. नव्या वसाहतीत, डॉक्टरकडे," तो म्हणाला. "माझा भाऊ आजारी आहे."

या वेळी त्याचा आवाज खाली उतरला नाही.